न लुटलेलं गाव

दोर सुटला तेव्हा खाटेवर आम्ही तिघं होतो आणि एक शेळी. मी, आमचे घरमालक आणि रेल्वेचे साहेब. खाटेचे चारही कोपरे दोराला बांधून आम्हाला कोरड्या विहिरीत सोडलं होतं आणि वर सहा धट्टेकट्टे गडी तो दोर धरून होते. तळ आता येतोच, एवढ्यात नव्वदीतले ठाकूरसा काठी टेकत विहिरीच्या काठाशी आले. गावातला सगळ्यात वडील माणूस. त्यांना बघताच सहाही जणांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "राम राम सा."

आम्ही पडलो.

खाली मटाराच्या वाळलेल्या वेलांचा ढीग होता म्हणून निभावलं. गावातले लोक कित्येक वर्षं नको असलेलं सगळं त्या विहिरीत टाकत आले होते. साहेब माझ्यावर पडले आणि शेळी साहेबांवर. घरमालक छत्री हातात घेऊन बाजूला सरळ बसलेले, लग्नाच्या पंगतीला बसतात तसे. त्यांनी आधी वर बघितलं, दोन्ही हात जोडले आणि ठाकूरसांना म्हणाले, "राम राम सा." मग दोर आला. वेटोळ्यामागून वेटोळं आमच्या डोक्यावर येत राहिलं. संपूर्ण दोर खाली आला तेव्हा वरून कोणीतरी म्हणालं, "अरे, गावात दोर तर तेवढाच होता."

साहेब म्हणाले, "मावशी, लागलं का हो?"

मी म्हटलं, "आधी माझ्यावरून उठा, मग सांगते."

त्यांना उठता येईना. पाय मुरगळला होता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथले लोक अजून आहेत आणि त्यांना भांडायला वेळ असतो. जयपूरकडे, चौमूच्या पुढे गेलं की आडबाजूला आहे ते. मटार, कांदा, बाजरी, मिरची. एक बाजार, एक शाळा, एक स्टेशन. माझा नवरा त्या स्टेशनवर पॉइंट्समन होता, गाड्यांचे रूळ बदलणारा. आम्ही अकोल्याकडचे. रेल्वेने जिथे टाकलं तिथे चूल मांडली. क्वार्टरचं छत खाली यायला लागलं म्हणून आम्ही गावात या छत्रीवाल्या म्हाताऱ्याच्या घरी एक खोली घेतली. सगळं गाव त्यांना बासा म्हणे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला मानाने तसंच म्हणतात.

पहिल्या दिवशी मी ट्रंक उचलून आत नेत होते तर ते दारात आडवे झाले. डोक्यावर छत्री उघडी. घरातसुद्धा ती उघडीच असायची.

"कुठले?" त्यांनी विचारलं.

"महाराष्ट्र."

त्यांनी छत्री मिटली. ती ते फार गंभीर गोष्ट असली तरच मिटत. "म्हणजे दिखणी, दक्खनचे. तुमच्या लोकांनी आमचं गाव लुटलं नाही. का?"

मला वाटलं माझंच हिंदी कच्चं आहे. पण त्यांनी ते दुसऱ्यांदाही तसंच विचारलं. गोष्ट अशी होती की त्या भागात कुठेही जा, तिथले लोक सांगतात, पूर्वी मराठे आले, गाव लुटलं, जाळलं, आमचे ठाकूर लढले. शेजारच्या गावात एका भिंतीला भोक आहे. ते तोफेच्या गोळ्याचं आहे म्हणतात आणि दिवाळीला त्या भोकाला झेंडूची माळ घालतात. आमच्या गावाकडे भोकसुद्धा नव्हतं. फौजा इकडून गेल्या, तिकडून गेल्या, आणि या गावाकडे कोणी वळून बघितलं नाही. ही गोष्ट बासांना सहन होत नव्हती.

मी म्हटलं, "बासा, मला काय विचारता? माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा. त्याच्याजवळ बैल नव्हता, घोडा कुठून आणणार?"

"पण कोणीतरी ठरवलं असेल ना, की हे गाव सोडा?"

"ठरवलं असेल."

"काय कमी होतं आमच्यात?"

ट्रंक जड होती. मी म्हटलं, "मला आत जाऊ द्या, चौकशी करून सांगते." त्यावर ते बाजूला झाले. मग जितकी वर्षं आम्ही तिथे राहिलो तितकी वर्षं, मी गावाहून परत आले की ते विचारायचे, "झाली का चौकशी?"

बासांना गावाचा इतिहास गोळा करायचा होता आणि त्यांची एकच अडचण होती, ते खोटं बोलत नसत. दुसरं कोणी असतं तर चार राजे आणि एक साधू लावून मोकळं झालं असतं. बासांनी म्हाताऱ्या माणसांना विचारलं, शेतं पायाखाली घातली, आणि त्यांना कळलं की गावात काही झालेलं नाही. तेव्हा त्यांनी तेच लिहायला घेतलं. शेतातले दगड आणायचे, चुना फासायचा आणि वर काळ्या रंगाने लिहायचं. बाजारात पिंपळाखाली एक दगड होता: इथे कोणी राजा थांबला नाही. शाळेजवळ दुसरा: या मैदानावर लढाई झाली नाही. तिसरा देवळाच्या मागे होता, इथे कोणी संत बसले नाहीत म्हणून. पुजारी तो रोज उपटायचा आणि बासा रोज परत रोवायचे. कोणी वाद घातला की ते एवढंच म्हणत, "अठै कांई कोनी हुयो." इथे काही झालं नाही. हे वाक्य ते अशा मानाने म्हणत की ऐकणारा टोपी काढेल.

लोक त्यांच्यावर चिडून असत. सरपंच म्हणाले, "बासा, निदान दगड तरी कोरे ठेवा. बघणारा आपल्या मनाने काहीतरी समजेल." बासा म्हणाले, "त्याचीच भीती आहे."

त्यांना दुसरा नाद पाण्याचा. सकाळी छत्री घेऊन निघायचे आणि कोणाच्याही दारात जाऊन पाणी मागायचे. पेला नाकाशी न्यायचे, घोट तोंडात फिरवायचे आणि सांगायचे, "पाचशे फुटांवरचं. कडवट. तुमच्या घरात भांडणं होणार." खोली बहुतेक वेळा चुकायची. भांडणं व्हायची, कारण हे ऐकून सासू सुनेकडे बघायची. ट्यूबवेलला ते चोर म्हणत. त्यांच्या पुतण्यांनी शेतात ट्यूबवेल घेतली तेव्हा बासा तिच्यासमोर खाट टाकून बसले आणि तिला शिव्या देत राहिले. पुतणे त्यांना जेवायला तिथेच आणून द्यायचे. ते जेवायचे, हात धुवायला त्याच ट्यूबवेलचं पाणी घ्यायचे आणि परत सुरू.

आता राम रामचं सांगते, नाहीतर दोर का सुटला ते कळणार नाही. त्या गावात वडील माणसाला राम राम दोन्ही हातांनीच करायचा. एका हाताने केला तर तो अपमान. त्यामुळे दूधवाला सायकलवरून जाताना समोर कोणी म्हातारा दिसला की दोन्ही हात सोडायचा आणि पुढे जाऊन गटारात उतरायचा. न्हावी अर्धी दाढी ठेवून वस्तरा खाली ठेवायचा. बाजारात दोन घरं होती, तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नव्हती, कारण एकाच्या आजोबांनी दुसऱ्याच्या आजोबांना एका हाताने राम राम केला. त्यांच्या दुसऱ्या हातात रेडकाचं दावं होतं. "रेडकू सोडायला हवं होतं," असं दुसऱ्या घरचं अजून म्हणणं होतं. रेडकावरून गावात झालेली ही एकच लढाई. बासांना मी म्हटलं, याचा दगड लावा. ते म्हणाले, "ही लढाई नाही, हा हट्ट आहे. हट्टाला दगड पुरणार नाहीत."

तर एका थंडीत बातमी आली की नव्या वेळापत्रकात सकाळची गाडी आमच्या स्टेशनवर थांबणार नाही. पुढे स्टेशनही बंद. ती सकाळची गाडी म्हणजे गावाचा संसार होता. बायका मटाराच्या पाट्या घेऊन तिनेच जयपूरला जात आणि संध्याकाळी परत येत. बसमध्ये पाट्या घेत नव्हते. आणि माझ्या नवऱ्याची नोकरी संपायला थोडीच वर्षं राहिली होती, गुडघे गेले होते. त्याला आता कुठे फेकतील ते देव जाणे. निर्णय घ्यायच्या आधी एक साहेब जयपूरहून बघायला येणार होते. साहेब मराठी निघाले. साताऱ्याकडचे.

मग सगळं गाव माझ्या दारात. "बाईसा, साहेब तुमच्या गावचे आहेत." मी सांगून पाहिलं की सातारा आणि अकोला म्हणजे इथून दिल्लीच्याही पलीकडे. कोणी ऐकेना.

नवरा म्हणाला, "तू जाय त्यांच्यासंगं. तुझं ऐकतील ते."

मी म्हटलं, "तुमी ऐकत नाही माझं, साहेब कायले ऐकतील?"

पण गेले. घर माझंही होतं.

साहेब आले ते चांगले होते. तरणे, चष्मा, पायात पॉलिश केलेले बूट. स्टेशनवर खुर्च्या मांडल्या होत्या. चहा झाला. साहेबांनी सहज विचारलं, "गावाचं वैशिष्ट्य काय?" झालं. सगळे एकदम बोलायला लागले. एकाने सांगितलं इथे राजाचा मुक्काम होता, दुसऱ्याने एक लढाई सांगितली, पुजाऱ्याने दोन संत काढले. साहेब मान डोलवत होते. तेवढ्यात मागून छत्री मिटल्याचा आवाज आला.

"अठै कांई कोनी हुयो," बासा म्हणाले. "साहेब, हे सगळे खोटं बोलतायत. राजा नाही, लढाई नाही. संत आले होते, पण पाणी पिऊन पुढे गेले."

सरपंचांचा चेहरा असा झाला की ते बासांना तिथेच रुळांवर आडवं करतील. मीही मनात चार शिव्या दिल्या. साहेबांना हसू आलं. "मग आजोबा, इथे आहे तरी काय?"

"विहीर आहे. पण वरून दिसत नाही. आत उतरावं लागतं."

साहेबांनी होकार का दिला ते मला आजही कळलेलं नाही. खोटं ऐकून कंटाळले असतील.

आता उतरायचं कसं, तर दोराने खाट सोडायची, पूर्वी विहिरीचा गाळ काढायला सोडत तशी. दोर ट्रॅक्टरला बांधायचा असतो. मटाराचा हंगाम, सगळे ट्रॅक्टर मंडीच्या रस्त्यावर अडकलेले. म्हणून सहा गडी. बंद विहिरीत वाईट हवा असते, आधी पेटता दिवा सोडून बघायचा असतो. वीज आल्यापासून कोणाच्या घरी कंदील उरला नव्हता. मग कोणीतरी शेळी आणली. शेळी आधी सोडायची, ती उभी राहिली तर माणसं सोडायची. त्यावर बासा म्हणाले, पाहुण्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, शेळी बरोबरच घ्या. हे कोणालाच चुकीचं वाटलं नाही. मला वाटलं, पण तोवर मला खाटेवर बसवलं होतं. साहेब मला हळूच म्हणाले, "मावशी, हे सुरक्षित आहे ना?" मी म्हटलं, "नाही. पण आता उतरलात तर रडतील ते."

तर असे आम्ही खाली.

धूळ बसल्यावर बासा उभे राहिले आणि छत्रीने वर दाखवायला लागले. कोणी पडलंय, कोणाचा पाय दुखतोय, त्यांच्या गावीही नव्हतं.

"वर बघा साहेब. काठाच्या दगडाला खाचा आहेत ना, त्या माझ्या आजोबांच्या बैलांच्या. चामड्याची मोट ओढायचे. तेव्हा पाणी तिथे होतं, त्या पिवळ्या पट्ट्याशी. मग ते खाली गेलं. आजोबांनी विटा लावून आणखी खणलं. त्या विटा बघा. मग आणखी खाली गेलं. माझ्या बापाने सुरुंग लावले. ते काळे डाग. मग मी आडवे बोअर मारले. ही भोकं माझी." भोकांत कबुतरांनी घरटी केली होती. "इथे आपण उभे आहोत तिथे मी शेवटचं पाणी बघितलं. लोट्यात मावेल एवढं."

साहेब पाय धरून बसले होते तरी ऐकत होते. म्हणाले, "मग काय झालं?"

"कांई कोनी हुयो. पाणी गेलं."

वर लोक धावत होते ते ऐकू येत होतं. गावात दुसरा दोर सापडत नव्हता. मोट गेली, रहाट गेला, घरोघर प्लास्टिकचे पाइप आले, मग एवढा लांब दोर ठेवणार कोण? सरपंच मधूनच डोकावून ओरडत, "साहेब, चहा पाठवू का?" कशाने पाठवणार होते कोण जाणे.

मी साहेबांचा बूट काढला आणि पाय माझ्या पदराने घट्ट बांधला. बासा त्यांच्यासमोर बसले. मला कळलं आता काय येणार.

"साहेब, तुम्ही साताऱ्याचे. तुमच्या लोकांनी आमचं गाव का लुटलं नाही?"

मी म्हटलं, "बासा, माणसाचा पाय सुजलाय."

"पायाने थोडंच सांगायचंय?"

साहेब बिचारे म्हणाले, "आजोबा, झालं गेलं. मी सगळ्यांच्या वतीने माफी मागतो."

"माफी नको. कारण सांगा."

साहेबांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "गाव रस्त्यावर नसेल. फौजा रस्त्याने जातात. वाट वाकडी करण्यासारखं काही दिसलं नसेल त्यांना."

बासा छत्रीच्या टोकाने वेल उकरत राहिले. शेळी साहेबांच्या बुटाची नाडी खात होती आणि कोणी तिला हाकलत नव्हतं.

"म्हणजे तेव्हा थांबले नाहीत," बासा म्हणाले, "आणि आताही थांबणार नाहीत."

साहेबांनी बुटाची नाडी शेळीच्या तोंडातून सोडवली. मला तर साहेबांना समजवायलाच पाठवलं होतं आणि मी त्यांच्या पायाची गाठ पुन्हा घट्ट करत बसले.

मग वर घरघर ऐकू आली. बासांच्या पुतण्यांनी ट्यूबवेलची मोटर वर काढायची तिपाई आणली होती. तीन लोखंडी पाय, वर चाक, आणि हाताने फिरवायच्या रहाटाला गुंडाळलेली जाड तार. तारेला बारदानाची झोळी बांधून खाली सोडली. आधी साहेबांना बसवलं. मी वर तोंड करून ओरडले, "आता कोणी कोणाला राम राम करायचा नाही! देव आला तरी नाही!" वर चर्चा झाली. शेवटी ठाकूरसांना त्यांच्या खुर्चीसकट उचलून खेजडीच्या झाडामागे नेऊन ठेवलं, म्हणजे कोणाला ते दिसायला नको. साहेब झोळीत गोल गोल फिरत वर गेले. "हळू हो, हळू!" मराठीतच ओरडत होते. मग मी गेले, शेळीला काखेत घेऊन.

बासा बसेनात. "त्या चोराच्या तारेने मी वर येणार नाही."

पुतणे वरून विनवत होते. मी काठावर धूळ झटकत उभी होते, तेवढ्यात विहिरीच्या दुसऱ्या बाजूने छत्रीचं टोक वर आलं. मागून बासा. भिंतीत लोखंडी खुंट्या होत्या, वरपासून खालपर्यंत. एकीवर पाय, दुसरीला हात, असे आरामात चढून आले.

मला इतका राग आला की बोलता येईना. मग बोलता आलं. "खुंट्या होत्या? मग खाट कशाला? आमचा जीव गेला असता!"

बासांना माझंच आश्चर्य वाटलं. "बाईसा, पाहुणे आहेत ते. पाहुण्यांना खुंट्यांवरून उतरवतात का?"

आणि सगळ्या गावाने माना हलवल्या. बरोबर होतं त्यांचं म्हणणं.

साहेबांना जीपने न्यावं तर मंडीच्या रस्त्यावर मटाराचे ट्रॅक्टर एकाला एक लागलेले. पाय सुजत चालला होता. दुपारची गाडी यायची होती, ती नवऱ्याने जरा जास्त वेळ थांबवून धरली आणि साहेबांना उचलून आत घातलं. डबा आधीच भरलेला होता. आमच्या बायका पाट्या घेऊन चढल्या. सकाळी तमाशा बघायला राहिल्या होत्या, आता माल खराब होईल म्हणून सगळ्या एकदमच निघाल्या. साहेबांच्या पायाखाली एकीने मटाराची पाटी सरकवली, दुसरीने मांडीवर पोर दिलं. गाडी हलली तेव्हा मला खिडकीतून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

सकाळची गाडी पुढेही थांबत राहिली. कागद आला त्यात कारण दिलं होतं, प्रवासी पुरेसे आहेत. गावाने गूळ वाटला. बासांनी गूळ घेतला नाही. नवऱ्याला विचारलं, "त्यात विहिरीचं आहे का?"

"नाही."

"गावाचं?"

"प्रवासी लिहिलंय बासा. प्रवासी म्हणजे गावच."

बासांना ते पटलं नाही. मी त्यांना म्हटलं, आता तरी एक दगड लावा, साहेब पडले म्हणून, एवढं तर झालं ना. ते म्हणाले, "माणसं रोज पडतात." पण त्या दिवसापासून त्यांनी मला चौकशीचं विचारणं बंद केलं. त्यांना त्यांचं उत्तर मिळालं होतं आणि ते त्यांना आवडलं नव्हतं.

नवरा त्याच स्टेशनवरून रिटायर झाला. आम्ही जयपूरला बनी पार्कात मुलाकडे आलो. गावात आता टँकर येतो. पुतण्यांनी विहीर बुजवून वर मटार साठवायची शेड बांधली. त्या दिवशी विहिरीत पडलेल्यांपैकी बासा पुढे बरीच वर्षं होते आणि आपल्या खाटेवर झोपेत गेले. शेळी तर विहिरीनंतरच्या उन्हाळ्यातच विकली गेली. नवरा मागच्या थंडीत गेला, पण तो विहिरीत नव्हता. साहेबांची बदली झाली, कुठे ते माहीत नाही. ते असतील, वय कमी होतं त्यांचं. आणि मी आहे.